हॉस्पिटलच्या डेटावर मॉडेल लावून शरीराबद्दल खरंच काही कळतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे की गणितात एमएस्सी झालंय, एका हॉस्पिटलमधे ॲडमिट झालेल्या पेशंटचा नावं काढून टाकलेला डेटा हाताशी आहे, त्यावरून कोण दगावेल हे आधीच सांगणारं मॉडेल बनवलंय, ॲक्युरसी ९४ टक्के आली, आणि तरी गाइड म्हणतात की ठीक आहे, पण यातून माणसाच्या शरीराबद्दल आपल्याला कळलं काय? आणि त्याला जोडून पुढचा प्रश्न, की मुळात डेटा आणि गणित वापरून आरोग्याबद्दल काही समजतं का, का हे नुसतं भाकीत करायचं काम आहे.

मी बावीस वर्षं हेच करतेय. शिक्षण संख्याशास्त्रातलं, पण बसायची जागा कायम डॉक्टरांच्या शेजारी. तर आधी सरळ उत्तर देते: समजतं, आणि खूप समजतं, काही वेळा तर मायक्रोस्कोपखाली जे दिसलं नव्हतं ते दोन-तीन समीकरणांतून दिसलंय, त्याचं उदाहरण खाली सविस्तर आहे. पण तुमच्या गाइडचंही बरोबर आहे, तुमच्या मॉडेलमधून ते अजून समजलेलं नाही.

त्या ९४ टक्क्यांचं आधी उरकते. तुम्हीच लिहिलंय की डेटामधे शंभरातले सहा जण दगावलेत, म्हणजे डोळे मिटून प्रत्येकापुढे "वाचेल" असं लिहिलं तरी ९४ टक्के बरोबरच येणार. जे सहा जण आपल्याला हवेत त्यातले मॉडेलने किती पकडले, आणि ज्यांना "धोका ३० टक्के" म्हटलं त्या शंभर जणांत खरंच तीसच्या आसपास दगावले का, हे दोन तपासा. दुसऱ्याला कॅलिब्रेशन म्हणतात आणि ते बहुतेक लोक बघतच नाहीत, डॉक्टरला मात्र तेच लागतं. हे सगळं एका संध्याकाळी दुरुस्त होण्यासारखं आहे म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

अवघड गोष्ट वेगळी आहे. हॉस्पिटलचा डेटा म्हणजे शरीराचं मोजमाप असं आपण धरून चालतो, आणि तो तसा नसतो. माणसं काय करतात त्याची ती नोंद असते, शरीर त्यात मागून डोकावतं.

एका हॉस्पिटलच्या वॉर्डांचा डेटा माझ्याकडे आला होता, बरीच वर्षं झाली. रेस्पिरेटरी रेट म्हणजे मिनिटाला किती श्वास, त्या कॉलमचा आलेख काढला तर १८ वर एक उंच मनोरा, २० वर दुसरा, १९ जवळपास रिकामा, आणि बाकी सगळं सपाट. माणसाचं शरीर काही १९ टाळून श्वास घेत नाही. मी प्रिंट घेऊन वॉर्डात गेले आणि तिथल्या सिस्टरना विचारलं. त्यांनी जे सांगितलं ते मला कुठल्याच पुस्तकात मिळालं नसतं. नाडी, ऑक्सिजन, ब्लड प्रेशर हे मशीनवर दिसतं, श्वास मात्र मोजावा लागतो, छातीकडे बघत पूर्ण मिनिटभर उभं राहून. एवढे पेशंट असताना कोणी अर्धा मिनिट मोजून दुप्पट करतं, म्हणून आकडा नेहमी सम येतो, आणि पेशंट गप्पा मारत बसलेला असेल तर १८ किंवा २० लिहून पुढे जातात, कारण तो ठीक आहे हे डोळ्यांना दिसतंच. मग त्या म्हणाल्या, "पण मी २६ लिहिलं असेल ना, तर मी थांबले होते."

हे वाक्य मी आजपर्यंत प्रत्येक विद्यार्थ्याला सांगत आलेय. त्या कॉलममधे दोन गोष्टी एकत्र होत्या, पेशंटचा श्वास आणि सिस्टरची नजर, आणि आमचं मॉडेल जे चांगलं चाललं होतं त्यात नजरेचा वाटा मोठा होता. उद्या तिथे श्वास मोजणारं मशीन लावलं असतं तर आकडे जास्त अचूक झाले असते आणि मॉडेल पडलं असतं, कारण मग २६ म्हणजे "कोणीतरी थांबलं" असा अर्थ राहिला नसता. (हाताने मोजलेलं ब्लड प्रेशर पण बघा, शेवटचा आकडा शून्य असलेली रीडिंग ढिगाने सापडतील, आणि १४० वर औषध सुरू करायचं ठरलं असेल तर १३८ आणि १४० मधला फरक शरीराने पाडला का पेनाने, हा प्रश्न उरतोच.)

माझाच अनुभव म्हणून नाही सांगत. २०१८ मधे ब्रिटिश मेडिकल जर्नलमधे बोस्टनच्या दोन मोठ्या हॉस्पिटल्सच्या डेटावरचा अभ्यास आला, त्यात रोजच्या वापरातल्या २७२ लॅब टेस्ट घेतल्या आणि पेशंट पुढे जगला का याच्याशी ताडून बघितल्या. २३३ टेस्टच्या बाबतीत नुसती टेस्ट सांगितली गेली होती की नाही यावरूनच जगण्या-मरण्याचा अंदाज लागत होता, रिपोर्ट काय आला ते न बघता! आणि ज्या टेस्टमधे वेळ आणि रिपोर्ट यांची तुलना करता आली त्यातल्या साधारण दोन तृतीयांशमधे टेस्ट कधी सांगितली ही माहिती रिपोर्टमधल्या आकड्यापेक्षा जास्त उपयोगाची निघाली. विचार केला तर साहजिक आहे, पहाटे तीनला कोणी उगाच रक्त काढत नाही. तेव्हा रक्त काढायला सांगितलं याचा अर्थ डॉक्टरला काहीतरी खटकलंय. तुमच्या मॉडेलने हेच शिकलं असेल तर ते डॉक्टरला डॉक्टरचीच काळजी परत सांगतंय.

यातून नुकसान कसं होतं त्याचं जुनं आणि फार शिकवणारं उदाहरण न्यूमोनियाचं आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेत न्यूमोनियाच्या पेशंटपैकी कोणाला ॲडमिट करायचं आणि कोणाला घरी पाठवायचं हे ठरवायला मॉडेल बनवली, तेव्हा एका मॉडेलने नियम शोधला की दमा असलेल्या पेशंटला न्यूमोनियाने मरायचा धोका कमी असतो. डेटामधे ते खरंच होतं. कारण एवढंच की दमा आणि वर न्यूमोनिया असं दिसलं की त्या पेशंटला थेट आयसीयूत घेत होते, सगळ्यात चांगले उपचार मिळत होते, म्हणून ते वाचत होते. त्या नियमावर विसंबून त्यांना घरी पाठवलं असतं तर काय झालं असतं? हा नियम वाचता येण्यासारख्या स्वरूपात होता म्हणून कोणाच्या तरी लक्षात आला. सगळ्यात अचूक होतं ते न्यूरल नेटवर्क, आणि त्याच्या पोटात असं अजून काय काय दडलंय ते बघता येत नव्हतं म्हणून ते पेशंटवर वापरलं नाही. मला तो निर्णय आजही योग्य वाटतो.

कधी घोळ कॉलममधे नसतो, आपण ज्याचं भाकीत करतोय त्यातच असतो. २०१९ मधे सायन्स मासिकात आलेला अभ्यास बघा, अमेरिकेत लाखो लोकांसाठी वापरलं जाणारं एक अल्गोरिदम कोणाला जास्त आजार आहे ते ठरवताना पुढच्या वर्षी उपचारावर किती खर्च होईल याचं भाकीत करत होतं. आजाराऐवजी खर्च, कारण खर्चाचा आकडा तयार मिळतो. पण कृष्णवर्णीय पेशंटवर तेवढ्याच आजारासाठी कमी खर्च होत होता, त्यांना उपचार कमी मिळत होते म्हणून, तर मॉडेलने त्यांना जास्त निरोगी ठरवलं. संशोधकांनी हिशोब मांडला की हा फरक काढून टाकला तर जादा मदतीसाठी निवडलेल्यांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल. कोडमधे एक ओळ चुकीची नव्हती. आणि मशीनवर आलेला आकडा तरी निखळ असतो का, तर तेही नाही, २०२० मधे दाखवून दिलं गेलं की बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ९२ ते ९६ दिसत असताना रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षात ८८ च्या खाली असण्याचं प्रमाण गोऱ्या पेशंटमधे ३.६ टक्के होतं आणि कृष्णवर्णीय पेशंटमधे ११.७ टक्के.

एवढं वाचून वाटेल की मग डेटावर विश्वास ठेवायचाच नाही का. ठेवायचा, पण आकडा कसा जन्माला आला ते विचारून. आणि दुसरं म्हणजे, नुसतं "काय होईल" हे विचारायच्या ऐवजी "हे असं कसं चालतं" याचं गणित मांडायचं. तुमच्या गाइडना तेच हवंय असं मला वाटतं. इथेच तुमची एमएस्सी कामाला येते, कारण इथे डिफरन्शियल इक्वेशन लागतात.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण एचआयव्हीचं आहे. लागण झाल्यावर वर्षानुवर्षं पेशंट बरा दिसतो आणि रक्तातल्या विषाणूची पातळी जवळपास स्थिर असते. ही पातळी हलत नाही म्हणून १९९० च्या आसपास खूप जण धरून चालले होते की या काळात विषाणू झोपलेला असतो. आता पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. टाकीतलं पाणी एकाच पातळीवर आहे, याचे दोन अर्थ होऊ शकतात. एक तर नळ बंद आहे आणि खालचं भोकही बंद आहे. किंवा नळ धो धो वाहतोय आणि तेवढंच पाणी खालून जातंय. पातळीकडे कितीही वर्षं बघत बसलात तरी यातलं खरं कुठलं ते कळणार नाही. कळायला एकच करावं लागतं, नळ बंद करून बघायचं पाणी किती वेगाने उतरतंय.

१९९० च्या दशकाच्या मध्यावर नवीन औषधं हातात आली, लागण करू शकणारे नवे विषाणू तयार होणं थांबवणारी, आणि अमेरिकेतले एड्स संशोधक डेव्हिड हो यांचा गट पेशंटना ती देऊन रक्त तपासत गेला. पातळी काही दिवसांत कोसळली. अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेतले ॲलन पेरेलसन यांनी त्यावर गणित बसवलं, १९९६ च्या पेपरमधे फक्त पाच पेशंट आहेत, पण रक्ताचे नमुने सुरुवातीला काही तासांच्या अंतराने घेतलेले, आणि समीकरणं मोजून तीन: निरोगी पेशींना लागण होते, लागण झालेल्या पेशी मरतात, विषाणू तयार होतात आणि साफ होतात. उतरणीवरून निघालं की रक्तातले निम्मे विषाणू साधारण सहा तासांत साफ होतात आणि लागण झालेल्या निम्म्या पेशी दीड-पावणेदोन दिवसांत मरतात. मग पातळी स्थिर ठेवायला रोज किती नवे विषाणू लागत असतील? सुमारे एक हजार कोटी. रोज! ज्या काळात आजार झोपलाय असं समजत होते त्याच काळात शरीर आणि विषाणू यांची दिवसरात्र झुंज चालली होती आणि ती बरोबरीत सुटत होती म्हणून वरून शांत दिसत होतं.

पुढचं पाऊल तर अजून मोलाचं आहे. विषाणूची जनुकीय माहिती साधारण दहा हजार अक्षरांची, आणि नक्कल करताना अंदाजे तीस हजार अक्षरांमागे एक चूक होते. रोज एवढ्या प्रचंड संख्येने नकला होत असतील तर जी काही एका अक्षराची चूक शक्य आहे ती रोज कुठे ना कुठे, अनेकदा, होणारच. म्हणजे एकाच औषधाला दाद न देणारा विषाणू औषध सुरू करायच्या आधीच त्या शरीरात असतो. पण तीन वेगवेगळ्या औषधांना एकाच वेळी चकवायला लागणाऱ्या चुका एकाच विषाणूत जमून येणं जवळपास अशक्य. म्हणून तीन औषधं एकदम द्यायची, एकामागून एक नाही. औषधं शोधणाऱ्यांचं श्रेय मोठं आहेच, पण ती कशी द्यायची यामागे हा गुणाकार भक्कम उभा होता. १९९६ ते १९९७ या एका वर्षात अमेरिकेतले एड्सचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

आणि याच कथेचा दुसरा भागही सांगायला हवा. १९९७ मधे त्याच लोकांनी गणित पुढे नेऊन अंदाज केला की औषधं दोन-तीन वर्षं नीट चालू ठेवली तर विषाणू शरीरातून पूर्ण जाऊ शकेल. तसं झालं नाही. काही पेशींमधे विषाणू खरोखरच गप्प पडून राहतो, आणि १९९९ मधे मोजलं तेव्हा तो साठा निम्मा व्हायलाच ४४ महिने लागतात असं निघालं, त्या हिशोबाने पूर्ण संपायला साठ वर्षं. समीकरण चुकलं नव्हतं, त्यात ती एक टाकी काढायची राहिली होती. त्या १९९७ च्या पेपरमधे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं की न दिसलेला साठा असेल तर हा अंदाज बदलेल. मॉडेल मांडणाऱ्याने काय गृहीत धरलंय ते उघडपणे लिहिलं की चूक सापडायला सोपी जाते, हा गुण मला अचूकतेपेक्षा मोठा वाटतो.

मलेरियाचा हिशोब तर कागदावर होतो, तो करूनच बघा. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मधे सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू बघितला, १९०२ मधे नोबेल मिळालं, आणि नंतर त्यांनी गणित मांडून सांगितलं की मलेरिया हटवायला शेवटचा डाससुद्धा मारायची गरज नाही, संख्या एका मर्यादेच्या खाली आणली तरी साखळी तुटते. १९५० च्या दशकात जॉर्ज मॅकडॉनल्ड यांनी ते पुढे नेलं. मुद्दा असा: डासाने लागण झालेल्या माणसाला चावल्यावर जंतू डासात पूर्ण तयार व्हायला साधारण दहा दिवस लागतात, आणि तेवढे दिवस डास जगला तरच तो पुढे रोग देणार. समजा रोज शंभरातले ९० डास दुसरा दिवस बघतात. दहा दिवसांनी उरतात ०.९ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ३५. आता असं काही केलं की रोज ९० ऐवजी ८० जगतात. दहा दिवसांनी उरतात ११ च्या आसपास. शिवाय जे उरले त्यांचं पुढचं आयुष्यही निम्म्याहून कमी, सरासरी साडेनऊ दिवसांवरून साडेचारवर. दोन्ही गुणलं तर रोग पसरवायची ताकद जवळपास सातपट कमी झाली. उलट डबकी साफ करून डासांची संख्या निम्मी केली तर ताकद फक्त निम्मी होते. म्हणून घराच्या भिंतींवर औषध फवारायचं, कारण चावून झाल्यावर डास भिंतीवर विसावतो. १९५५ च्या जागतिक मलेरिया निर्मूलन कार्यक्रमामागे हा युक्तिवाद होता. पुढे डास डीडीटीला सरावले, आणि ती शक्यता या घातांकात कुठेच नव्हती, पण कुठे मारलं की जास्त लागतं हे या एका घातांकाने दाखवलं ते दाखवलंच.

आता इशारा, कारण तुम्हाला आलेख छान बसला की आनंद होणार, मलाही होतो. १९२७ मधे केरमॅक आणि मॅकेन्ड्रिक यांनी साथीच्या रोगांचं जे मॉडेल दिलं, एसआयआर म्हणून तुम्ही शिकला असाल, त्यांच्या पेपरमधे एक आलेख आहे, १९०५-०६ च्या मुंबईतल्या प्लेगच्या दर आठवड्याच्या मृत्यूंचा. ठिपक्यांवरून वक्ररेषा इतकी सुरेख गेलीय की शंभर वर्षं पुस्तकांत तोच छापतात. पण प्लेग माणसाकडून माणसाकडे असा पसरत नव्हता, उंदीर, पिसवा आणि ऋतू यांचा तो खेळ होता, दर वर्षी त्याच महिन्यांत यायचा. लेखकांनी स्वतः तिथेच म्हटलंय की माणसातला प्लेग हे उंदरांतल्या प्लेगचं प्रतिबिंब आहे. म्हणजे रेषा बसली, यंत्रणा ती नव्हती. चढून उतरणारी कुठलीही टेकडी दोन-तीन आकडे फिरवून बसवता येते. म्हणून मी रेषा बसल्यावर नेहमी विचारते की या मॉडेलप्रमाणे अजून काय दिसायला हवं जे मी अजून बघितलेलं नाही, आणि मग ते शोधायला जाते.

यंत्रणेचं मॉडेल नीट तपासलं गेलं तर त्यावर किती भार टाकता येतो ते मधुमेहात दिसतं. १९७९ मधे रिचर्ड बर्गमन आणि सहकाऱ्यांनी साखर आणि इन्सुलिन यांचं अगदी मोजक्या समीकरणांचं मॉडेल दिलं, त्याच वाटेने पुढे व्हर्जिनिया आणि पादुआ या विद्यापीठांनी मिळून तीनशे कल्पित पेशंटचा सिम्युलेटर बनवला, शंभर मोठी माणसं, शंभर किशोरवयीन, शंभर लहान मुलं, आणि २००८ मधे अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय यंत्रांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, स्वयंचलित इन्सुलिन देणाऱ्या यंत्रणांची चाचणी प्राण्यांऐवजी याच्यावर केली तरी चालेल असं मान्य केलं. एका लहान मुलाला रात्री झोपेत किती इन्सुलिन जाईल हे ठरवणारा प्रोग्रॅम आधी या कल्पित मुलांवर चालवला जातो, हे मला फार मोलाचं वाटतं.

वेळेबद्दल एक सांगून ठेवते, तुमच्या डेटामधे हा सापळा नक्की असणार. २००१ मधे एक अभ्यास आला की ऑस्कर मिळालेले कलाकार बाकीच्यांपेक्षा ३.९ वर्षं जास्त जगतात. २००६ मधे दुसऱ्यांनी तोच डेटा परत तपासला तर फायदा जवळपास विरला, कारण ज्याला साठाव्या वर्षी ऑस्कर मिळालं तो साठपर्यंत जगलेलाच असणार, ती वर्षं बक्षिसाच्या खात्यात घालून चालत नाही. तुमच्याकडे "दहाव्या दिवशी अमुक औषध दिलेले पेशंट जास्त वाचले" असं निघालं तर आधी हे बघा, दहावा दिवस बघायला ते जिवंत होते.

आता तुमच्या डेटाकडे येते. आठवडाभर मॉडेल बाजूला ठेवा. प्रत्येक कॉलमचा आलेख काढा, शेवटचा आकडा कुठला जास्त येतो बघा, रिकाम्या जागा कोणाच्या आहेत बघा, आणि शक्य असेल तर एक दिवस वॉर्डात परवानगी घेऊन बसा, तो आकडा लिहिला जाताना बघा. मग टेस्ट सांगितली की नाही आणि किती वाजता सांगितली ही माहिती काढून टाकून मॉडेल परत चालवा, ते किती पडतं यावरून कळेल की त्यातलं किती शरीराचं होतं.

आणि मग एकच छोटा प्रश्न घ्या, यंत्रणेचा. मी सुचवेन क्रिएटिनिन, कारण ते तुमच्याकडे बहुतेक प्रत्येक पेशंटचं असेल, आणि ती परत टाकीच आहे. स्नायूंमधून क्रिएटिनिन साधारण एकाच वेगाने येत राहतं, हा नळ, आणि किडनी ते बाहेर टाकते, हे भोक. टाकी म्हणजे शरीरातलं पाणी, समजा ४२ लिटर, आणि निरोगी किडनी तासाला ७.२ लिटर साफ करते, म्हणजे निम्मं व्हायला चार तास. आता किडनीचं काम अचानक दहा टक्क्यांवर आलं. क्रिएटिनिन शेवटी दसपट होणार, १ चं १०, पण तिथवरचं निम्मं अंतर चढायला आता चार तास नाही, चाळीस तास लागतात. चार तासांनी रक्त तपासलं तर रिपोर्टमधे दिसेल जेमतेम १.६. तो आकडा स्थिर आहे असं धरून हिशोब करणाऱ्याला वाटेल किडनी साठ-बासष्ट टक्के चालतेय, आणि ती चालतेय दहा टक्के. (प्रत्यक्षात आजारी माणसात क्रिएटिनिन तयार होणंही कमी होतं, म्हणून आकडा याहूनही हळू चढतो.) तुमचं सध्याचं मॉडेल हा १.६ तसाच गिळतंय.

दोन रीडिंग आणि त्यांच्या मधले तास घेऊन उलटा हिशोब केला तर त्या क्षणी किडनी किती काम करतेय याचा अंदाज निघतो, आणि ही शरीराबद्दलची माहिती आहे, डॉक्टरच्या काळजीची नाही. ते तुमच्या गाइडना दाखवा. फक्त सलाइन भरपूर दिलेले पेशंट वेगळे बघा, टाकीच मोठी झालेली असते, आणि डायलिसिस झालेले पेशंट आधीच बाजूला काढा, नाहीतर क्रिएटिनिन एकदम खाली आलेलं दिसेल आणि हिशोब सांगेल की किडनी सुधारली.